केबिनच्या दाराखालचं पाणी: एका ट्रॉलरचं प्रकरण

बोट आणि माणसं

ही बोट रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरातली. बंदराचं, बोटीचं, माणसांचं नाव देत नाही. मालकाची अट तीच होती आणि ती रास्त आहे. पुढे मालकाला नाखवा म्हणतो आणि बोट चालवणाऱ्याला तांडेल. मी काही वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनात काढून घरी परतलेला माणूस. बंदरावर कुणाचा पंप, कुणाचं शाफ्ट, कुणाची वायरिंग असं बघत असतो. दारं हा माझा धंदा नव्हे. नाखव्याने मला बोलावलं तेही दारासाठी नाही, बॅटऱ्यांसाठी.

बोट लाकडी, वरून फायबरचा थर दिलेली, १६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. केबिन मागच्या बाजूला, तिच्या पोटात इंजिन. इंजिनात उतरायचं झाकण केबिनच्या आतच. दार एकच, पुढे कामाच्या डेकाकडे तोंड करून, आणि ते आत उघडणारं. नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, लाट चढली की पाणी डेकावरून धावत मागे येतं, आणि त्याला आडवं पहिलं भेटतं ते हे दार. डेकाला ६० सेंटिमीटर उंच कठडा. कठड्याच्या बुडाशी पाणी बाहेर जायला दोन्ही बाजूंना सहा-सहा भोकं. दाराचा उंबरा डेकापासून १५ सेंटिमीटर.

तांडेल साठीच्या आसपासचा. २००९ च्या फयान वादळात समुद्रात सापडून परत आलेला, त्यामुळे बोटीवर त्याच्या शब्दाला वजन. खलाशी सात, त्यांतले तिघे नेपाळी. हे सांगायचं कारण असं की दाराशी दिवसरात्र संबंध या सात जणांचा होता, आणि पहिले काही महिने त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

तक्रार काय होती

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदी उठली की बोटी बाहेर पडतात, पण ऑगस्टचा दर्या अजून शांत झालेला नसतो. त्या ऑगस्टमध्ये केबिनमध्ये पाणी यायला लागलं. आधी दाराखाली ओल, मग सकाळी चटई भिजलेली, मग एका रात्री बॅटऱ्यांच्या पेटीत पाणी. बॅटऱ्या केबिनच्या जमिनीवर, दाराच्या डाव्या हाताला ठेवलेल्या. खाऱ्या पाण्याने टर्मिनल हिरवी-पांढरी झाली. वायरलेस मध्येच बंद पडू लागला आणि दिवाळीच्या सुमारास एकदा इंजिन स्टार्टच होईना. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढत आणलं. ओढून आणायची लाज वेगळी आणि डिझेलचा हिशेब वेगळा. तेव्हा मला निरोप आला.

मी बॅटऱ्या बदलल्या, टर्मिनल घासून ग्रीस लावलं, आणि “दाराचं बघा नाखवा” असं सांगून निघून आलो. इथेच माझी पहिली चूक. पाणी कुठून येतं हे न बघता पाण्याने बिघडलेली वस्तू तेवढी दुरुस्त केली.

माझ्याआधी करून झालेले उपाय

दारावर तीन उपाय होऊन गेले होते आणि तिन्ही सांगण्यासारखे आहेत, कारण आपल्याकडे दहापैकी आठ बोटींवर हेच होतं.

पहिला उपाय सिलिकॉनचा. चौकट आणि केबिनची भिंत यांच्या सांध्यावर बाहेरून सगळीकडे सिलिकॉनची जाड वात ओढली. दोन महिने बरं वाटलं. पण चौकटीच्या डोक्यावरून, स्क्रूंच्या भोकांतून पाणी आत झिरपतच होतं, फक्त आता त्याला खाली बाहेर पडायला वाट राहिली नाही. चौकटीचे दोन्ही उभे खांब बुडाशी कुजले. वरून रंग शाबूत, आत भुसा. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही, आणि एकदा ते लाकडाला लागलं की नंतर दुसरं काहीही तिथे नीट चिकटत नाही. बाथरूमच्या टाइल्सला ते ठीक आहे.

दुसरा उपाय रबराचा. आधी गाडीच्या दाराला लावतात तसली स्पंजाची पट्टी लावली. ती पाणी अडवण्याऐवजी पिऊन बसली. मग कुणीतरी सांगितलं, जाड लावा. २० मिलिमीटरचं कडक रबर आणून ठोकलं. दार बंद होईना. खांदा लावून, लाथ मारून बंद करायला लागलं. एका आठवड्यात वरच्या बिजागरीचे स्क्रू कुजलेल्या लाकडातून उपटून आले आणि दार वाकडं लटकलं.

तिसरा उपाय खलाशांचा आणि बिनखर्चाचा: दाराच्या बुडाशी गोणपाट.

याच काळात इंजिन काळा धूर सोडू लागलं होतं. मेकॅनिकने डिझेल फवारणारे नोझल काढून साफ केले, पंप तपासला, पैसे घेतले. धूर कमी झाला नाही. ही गोष्ट मला ओझरती कळली होती आणि दाराशी तिचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तपास

जानेवारीत दुसऱ्यांदा बॅटऱ्या गेल्या. नाखवा वैतागून म्हणाला, “तुम्ही जहाजावर होतात ना? तिकडे दारं गळत नाहीत?” गळतात. पण तिकडे गळती शोधायच्या रीती ठरलेल्या आहेत आणि त्यांना फारसा खर्च येत नाही. मी त्या इथे करायच्या ठरवल्या.

पहिली खडूची. चौकटीच्या ज्या कडेवर दाराचं रबर टेकतं त्या कडेला रंगीत खडू घासायचा, दार नेहमीसारखं बंद करायचं, उघडायचं आणि रबरावर उमटलेली रेघ बघायची. रेघ अखंड असेल तर रबर सगळीकडे टेकतंय. इथे मधल्या भागात रेघ ठळक होती, वर जाताना फिकट झाली, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत चार-चार बोटं कोरी. कारण उघड होतं. दाराला एकच कडी, ती मधोमध. कडी दाबते तेवढीच जागा दाबली जाते, कोपरे मोकळे राहतात. रबर कितीही जाड केलं तरी हे बदलणार नव्हतं.

रबरावर आणखी एक गोष्ट सापडली: रंग. शाकारणीच्या वेळी, म्हणजे पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून झाकतात तेव्हा, रंगाऱ्याने दारासकट रबरही रंगवून टाकलं होतं. रंग वाळला की रबराची लवचीकता जाते आणि त्याला भेगा पडतात. मोठमोठ्या जहाजांवरही हे होतं, तेव्हा आपल्या रंगाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरी परीक्षा पाण्याच्या पाइपाची. जहाजांसाठी नियम असा की पाइपाच्या तोंडाचा आतला व्यास किमान १२ मिलिमीटर, पाण्याचा दाब किमान २ बार आणि सांध्यापासून अंतर दीड मीटरपेक्षा जास्त नाही. धक्क्यावरच्या पंपाने आम्ही साधारण तसं जमवलं. इथे एक गोष्ट पाळावी लागते, ती म्हणजे खालून सुरुवात करून वर जायचं. वरून पाणी मारलं तर ते ओघळून सगळीकडे जातं आणि कुठून आत आलं ते कळत नाही. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाइप धरून. आधी उंबरा, मग खालचे कोपरे, मग उभे खांब, मग चौकटीचं डोकं, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं.

खालच्या कोपऱ्यांतून पाणी आलं, ते अपेक्षितच होतं. दाराच्या डोक्याशी काही आलं नाही. पण पाइप आणखी वर, केबिनच्या छतावर नेला तेव्हा चौकटीच्या आतल्या बाजूने धार सुरू झाली. छतावरच्या दिव्याची वायर जिथून आत शिरते त्या भोकात भरलेली पुट्टी सुकून सुटली होती. पाणी वायरीच्या कडेने प्लायच्या मागे उतरून दाराच्या डोक्याशी बाहेर पडत होतं. खलाशी ज्याला दाराचं पाणी म्हणत होते त्यातलं बरंचसं दाराचं नव्हतंच.

एवढं होऊनही मला चैन पडेना. कारण कोपऱ्यांतून जे पाणी येत होतं त्याने चटई भिजली असती, बॅटऱ्यांची पेटी भरली नसती. तेवढ्यात एक खलाशी म्हणाला, इंजिन चालू असताना दार लावलं की फटीतून शिट्टी वाजते. तांडेलाने त्याला झटकलं. मी इंजिन सुरू करायला सांगितलं आणि केबिनमधल्या तसबिरीपुढची अगरबत्ती पेटवून दाराच्या कोपऱ्याशी धरली. धूर आडवा होऊन आत खेचला गेला. इंजिन बंद केलं, धूर सरळ वर गेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा आडवा.

हिशेब सोपा आहे. सहा लिटरचं चार-स्ट्रोक डिझेल इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर चालतं तेव्हा दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर हवेने भरतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५,४०० लिटर हवा. ती यायची कुठून? केबिनच्या छतावर दोन वायुवीजनाचे पाइप होते. वर चढून पाहिलं. दोन्हींत गोणपाट कोंबलेलं. पावसाचं पाणी यायचं म्हणून मागच्या वर्षी कुणीतरी कोंबलं आणि काढायचं राहिलं. म्हणजे दार बंद केलं की इंजिनाला हवा फक्त दाराच्या फटीतून मिळत होती, आणि फटीबाहेर पाणी साचलं असेल तर हवेबरोबर तेही आत ओढलं जात होतं. जाड रबर लावल्यावर काळा धूर का वाढला तेही आत्ता कळलं. इंजिन गुदमरत होतं आणि आपण त्याचे नोझल साफ करत होतो.

राहिला एक प्रश्न: दाराबाहेर पाणी साचतंच का? कठड्याला भोकं आहेत ना? सहांपैकी चार भोकांत, दोन्ही बाजूंना, जुन्या जाळ्याचे बोळे ठासलेले. डेकावर माल निवडताना बारीक कोळंबी पाण्याबरोबर वाहून जाते म्हणून. त्यात खलाशांची चूक म्हणवत नाही, जाणारी कोळंबी त्यांच्याच वाट्यातली. पण केबिनपुढचा डेक साधारण ६ मीटर बाय ४ मीटर. त्यावर १५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर ३.६ घनमीटर होतं, आणि खाऱ्या पाण्याचं वजन धरलं तर पावणेचार टनांच्या जवळ. आणि १५ सेंटिमीटर म्हणजे बरोबर उंबऱ्याची उंची. दार गळतं ही त्यातली बारकी गोष्ट. एवढं वजन डेकावर हलत राहणं ही मोठी.

शेवटी मी तांडेलाला तो प्रश्न विचारला जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: दार दिवसातून किती वेळ बंद असतं? तो हसला. “बंद? आत इंजिनाची भट्टी असते. रात्री पाऊस असला तर लावतो, नाहीतर दोरीने बांधून उघडंच.”

पर्याय

इथपर्यंत आल्यावर नाखव्यापुढे तीन रस्ते होते.

एक, लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचं जहाजी दार विकत घेऊन बसवायचं, चारी बाजूंनी दाबणाऱ्या खिट्यांसह. नाखव्याचा कल इकडेच होता, कारण ते एकदाच करून मोकळं होण्यासारखं वाटत होतं. मी नको म्हटलं. लाकडी केबिनच्या कुजक्या चौकटीत ते जड दार बसवायचं म्हणजे सगळी भिंत बदलायची. आणि जे दार दिवसभर दोरीने बांधून उघडं राहणार त्यावर इतका खर्च कशाला? १९८७ साली बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून निघालेली ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही प्रवासी फेरीबोट बाहेर पडताच कलंडली आणि १९३ माणसं गेली. तिचं पुढचं दार गळत नव्हतं, ते उघडं राहिलं होतं.

दोन, आहे ते दार आणि चौकट दुरुस्त करून नीट रबर आणि दोन कड्या बसवायच्या. स्वस्त, आठवड्याचं काम. पण हवेची वाट आणि डेकावरचं पाणी तसंच राहिलं असतं.

तीन, दाराला हात लावण्याआधी डेकाचं पाणी बाहेर काढायचं, इंजिनाला हवा द्यायची, उंबरा उंच करायचा आणि मग दार. यात मासेमारीचे दिवस बुडणार होते, म्हणून ते बंदीच्या दोन महिन्यांवर ढकलावं लागणार होतं. जानेवारी ते मे तोवर काय?

नाखव्याने तिसरा रस्ता घेतला, पण त्याचे दोन तुकडे केले. जानेवारीतच वायुवीजनाच्या पाइपांतलं गोणपाट काढलं, भोकांतले बोळे काढले, बॅटऱ्या जमिनीवरून उचलून ७० सेंटिमीटर उंच फळीवर पट्ट्याने बांधल्या, आणि वायरीचं भोक बंद केलं. एका दिवसाचं काम आणि किरकोळ खर्च. यानेच केबिनमधलं पाणी इतकं कमी झालं की एप्रिलमध्ये नाखवा म्हणू लागला, आता बाकीचं कशाला? हा निर्णयाचा खरा क्षण होता आणि मी तेव्हा जवळजवळ हो म्हटलं होतं. फेब्रुवारी-मार्चचा दर्या शांत असतो. तेव्हाच्या कोरड्या केबिनवरून ऑगस्टचा अंदाज बांधता येत नाही, हे तांडेलाने सांगितलं, मी नाही.

उंबऱ्यावरून झालेला वाद

सगळ्यात जास्त चर्चा यावर झाली. दाराच्या सगळ्या भागांत उंबरा हा एकच असा की दार उघडं असतानाही पाणी अडवतो. रबर, कड्या, बिजागऱ्या यांचा उपयोग दार लावल्यावर. म्हणून उंबरा उंच हवा यावर दुमत नव्हतं, किती यावर होतं.

मोठ्या मच्छीमार जहाजांसाठीच्या टोरेमोलिनोस कराराच्या नियमांत, म्हणजे २४ मीटर आणि त्यापुढच्या लांबीसाठी, कामाच्या डेकावरच्या अशा दाराचा उंबरा किमान ६०० मिलिमीटर धरलाय. अनुभवाने पटलं तर तो ३८०पर्यंत खाली आणायची मुभा आहे, पण थेट इंजिनात जाणाऱ्या दाराला ती मुभा नाही. आमची बोट १६ मीटरची, तिला हा नियम लागू नाही. पण लाट बोटीची लांबी विचारून येत नाही, तेव्हा आकडा समोर ठेवायला काय हरकत?

खलाशांनी ६० सेंटिमीटरला साफ नकार दिला. भाताचं पातेलं, डिझेलचे कॅन, बर्फाची घमेली घेऊन हलत्या बोटीत मांडीएवढा उंबरा ओलांडायचा म्हणजे रोज कुणीतरी तोंडावर पडणार. तांडेल गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, “माझ्यासाठी शिडी बसवा मग.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जो उंबरा माणसांना नको असतो तो एक दिवस करवतीने कापला जातो. मी असा कापलेला पाहिलाय.

तोडगा सुतार मेस्त्रींनी काढला. जुन्या बाजारपेठेतली दुकानं खाचेत बसणाऱ्या फळ्यांनी बंद करत, वरून एकेक फळी सरकवत. तसंच इथे. उंबरा पक्का ३८ सेंटिमीटर, आणि चौकटीच्या आतल्या अंगाला दोन्ही खांबांना खाच. वारा वाढला की त्या खाचेत २२ सेंटिमीटरची सागाची फळी सरकवायची. झाले ६०. दार उघडं ठेवूनही ती बसते, आणि हवा वरून येत राहते. शिवाय इंजिनात उतरायच्या झाकणाला केबिनच्या आतच १५ सेंटिमीटरची वेगळी कड दिली, म्हणजे उंबऱ्यावरून पाणी आलंच तर ते थेट इंजिनावर पडायला नको.

प्रत्यक्ष काम

बोट जूनमध्ये ओढून शाकारली आणि काम सुरू झालं. पाऊस असल्याने वरून ताडपत्रीचा मांडव. लाकूड वाळेपर्यंत तीन आठवडे नुसती वाट बघितली. मेस्त्री ओल्या लाकडावर एपॉक्सी लावायला तयार नव्हते आणि ते बरोबर होतं.

चौकटीचे खांब बुडापासून ४० सेंटिमीटरपर्यंत कापून तिथे साग तिरक्या सांध्याने जोडला. सगळं सिलिकॉन पात्याने आणि मग सँडपेपरने, लाकडाचा वरचा थर जाईपर्यंत काढलं. चौकट बसवताना भिंतीशी पॉलियुरेथेन सीलंट लावलं, पण खालची कड जाणूनबुजून मोकळी ठेवली. आत शिरलेलं पाणी कुठूनतरी बाहेर पडू दे. स्क्रूंची भोकं लागतात त्याहून मोठी पाडली, एपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्या भरावात पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू कसले. यामुळे स्क्रू कधी ढिला झाला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. हे वेळखाऊ काम आहे. मेस्त्रींचा पोरगा दिवसभर कुरकुरत होता.

उंबऱ्याचा माथा सपाट न ठेवता बाहेर उतरता केला, आणि त्याच्या बाहेरच्या ओठाखाली करवतीने एक बारीक खाच मारली, म्हणजे थेंब ओठाला चिकटून मागे न वळता तिथेच गळतो. घराच्या छज्ज्याखाली गवंडी जी खाच ठेवतो तीच. दाराच्या डोक्यावर तशीच एक उतरती पट्टी.

दार आता बाहेर उघडतं. आधी आत उघडायचं, म्हणजे लाट आली की ती दाराला रबरापासून दूर ढकलायची. आता लाट जितकी जोरात तितकं दार रबरावर दाबलं जातं. याला तांडेलाची हरकत होती: विंचचा, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राचा, दोर उघड्या दारात अडकेल. ती हरकत खरी ठरली, त्याबद्दल पुढे. रबर बंद पेशींचं, म्हणजे पाणी न पिणारं, निओप्रीन निवडलं. ईपीडीएम नावाचं दुसरं रबर उन्हाला आणि हवेला जास्त टिकतं, पण डिझेलचे हात लागले की फुगतं, आणि या दाराला डिझेलचेच हात लागतात. दार आणि चौकट यांच्यातलं अंतर असं ठेवलं की रबर आपल्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं दबेल. त्याहून जास्त दाबलं तर ते काही महिन्यांत कायमचं चपटं होतं. पट्टीचा जोड खाली किंवा कोपऱ्यात न ठेवता वर मधोमध ठेवला. मधली कडी काढून वर आणि खाली एकेक पाचरीचं हँडल दिलं, आतून-बाहेरून दोन्हीकडून फिरणारं. आत माणूस झोपलेला असतो, बाहेरून कुणी अडकवलं आणि आतून उघडेना असं होता कामा नये.

छतावर हंसाच्या मानेसारखे वळवलेले दोन पाइप बसवले, तोंड मागे आणि खाली. कठड्याची भोकं आडवी वाढवून लांबट केली आणि त्यांना उभ्या सळ्या दिल्या. कोळंबीसाठी बारीक जाळीच्या सहा चौकटी, माल निवडताना लावायच्या आणि काम झालं की काढायच्या. झाकणाचे पडदे लावायचा विचार केला होता, वरून बिजागरी असलेले, पाणी बाहेर जाईल पण आत येणार नाही असे. ते गंजून, जाम होऊन बंदच राहतात म्हणून सोडून दिला.

पुढच्या हंगामात

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. तांडेलाचं वर्णन असं: नाळेवरून एक हिरवी, म्हणजे नुसता फेस नव्हे तर सबंध पाण्याची, लाट आली, दार बांधून उघडं होतं, फळी लावलेली नव्हती. पाणी उंबऱ्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबलं आणि पाच-सहा हेलकाव्यांत भोकांतून गेलं. आत पडलं ते शिंतोडे. मागच्या वर्षीचा उंबरा असता तर तीच लाट केबिनमध्ये असती. काळा धूर नोझलला हात न लावता जानेवारीतच, पाइपांतलं गोणपाट निघालं तेव्हाच, कमी झाला होता. त्या हंगामात बॅटऱ्या बदलाव्या लागल्या नाहीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सप्टेंबरमध्ये विंचच्या दोराने उघड्या दाराचं खालचं हँडल ओढून वाकवलं. दार पूर्ण उघडून भिंतीला आकड्याने अडकवायची सोय आम्ही केलीच नव्हती, दोरीवर भागवलं. दुसरं, उंबऱ्याला नडगी आपटून एका खलाशाला चार दिवस लंगडावं लागलं. मग माथ्याला पांढरा पट्टा मारला. तिसरं, जाळीच्या चौकटी. त्या काढायला विसरतात. प्लास्टिकच्या पिशव्या येऊन चिकटतात आणि भोक पुन्हा बंद. पहिल्या दोन महिन्यांत सहापैकी दोन चौकटी समुद्रात गेल्या, त्या कुणी मुद्दाम टाकल्या की पडल्या हे मी विचारलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत मी बॅटऱ्या बदलून गेलो ते सोडून पाइप लावून बघायला हवं होतं. खडू, पाइप आणि अगरबत्ती मिळून अर्धा दिवस लागला. तेवढ्यासाठी बॅटऱ्यांचा एक जोड, मेकॅनिकचं बिल आणि दोन प्रकारचं रबर वाया गेलं.

शिट्टीबद्दल बोललेला खलाशी पहिल्या पावसापासून ते सांगत होता. दाराशी झोपणारा तोच. दुसऱ्या कुठल्याही बोटीवर आता मी आधी दाराशी कोण झोपतो ते विचारतो.

उंबऱ्याच्या आतल्या बाजूला एक बारीक पन्हळ आणि तिला तळातल्या पंपाच्या खड्ड्याकडे जाणारी नळी द्यायला हवी होती. शिंतोड्यांचं पाणी अजूनही फडक्यानेच पुसावं लागतं. चौकट उघडी होती तेव्हा ते तासाभराचं काम होतं, आता जमीन उचकटावी लागेल.

आणि जाळीच्या चौकटी. त्या मी माझ्या मनाने केल्या, खलाशांना न विचारता. मेस्त्रींच्या पोराने नंतर सुचवलं की भोकांना जाळी लावण्यापेक्षा माल निवडायलाच डेकावर चार बाजूंची लाकडी चौकट मांडावी, कोळंबी तिच्यात राहील आणि भोकांकडे जाणारच नाही. या बंदीत ती करून बघायची आहे. फळ्या आणून ठेवल्यात. माप तांडेल देणार आहे, पण विंचच्या दोराला ती आडवी येणार नाही हे आधी दाखवा, असं त्याचं म्हणणं आहे.